पंडिता रमाबाई विलायतेत

तापीकाठच्या शाही किल्ल्याकडे पाहत शाळेला येणाऱ्या आपल्या गावच्या मुलांनी एक जुनी हकीकत ऐकली असेल. इ. स. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला आणि शाहजादा परवेझ याच्या दरबारात उभा राहिला. जमिनीला डोके टेकण्याची तेथील रीत त्याने पाळली नाही. आपल्या देशच्या रीतीनेच तो लवला. परक्या मुलुखात गेलेल्या माणसाने तेथले काय उचलावे आणि आपले काय सोडू नये, हा प्रश्न असा जुनाच आहे. अडीचशेहून अधिक वर्षांनी तोच प्रश्न एका मराठी विधवेपुढे इंग्लंडात उभा राहिला. रो याच्या पाठीशी त्याचा राजा होता. पंडिता रमाबाईंच्या पाठीशी तसे कोणीच नव्हते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ते मुलीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडे. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्या पारखून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांना स्त्रीवैद्य मिळाले पाहिजेत, असे त्यांचे मत होते. ती विद्या स्वतः शिकावी, म्हणून त्यांनी विलायतेचा बेत केला. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. इंग्लंडातील वांटेज या गावी एक ख्रिस्ती भगिनीमंडळ होते व त्याची शाखा पुण्यात होती. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि मोबदल्यात राहण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हावी, असे ठरले. फुकटचा आश्रय त्यांना नको होता. १८८३ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या जहाजात बसल्या. सोबत आनंदीबाई भगत या होत्या.

तेथे पोहोचल्यावर प्रथमच निराशा झाली. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. काही महिन्यांतच आनंदीबाईंचा दुःखद अंत झाला, आणि त्या परक्या गावात मराठीत दोन शब्द बोलावयास चिमुकल्या मनोरमेखेरीज आपले असे माणूस उरले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात त्या वार्तेने मोठी खळबळ उडाली. कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणारे पुष्कळ लोक दुरावले.

आता ही बाई पुरती विलायती झाली, असे इकडे वाटत होते. तिकडे भगिनींची तक्रार नेमकी उलट होती! रमाबाई मांसाला शिवत नसत; अंडी घातलेले पुडिंगदेखील घेत नसत. धर्म बदलला तरी जातीचा ताठा सुटला नाही, असे भगिनींना वाटे. जन्मापासूनची निर्मळ सवय सोडण्याचे रमाबाईंना मात्र काहीच कारण दिसत नव्हते. पांढरे लुगडेही त्यांनी टाकले नाही.

याहून मोठा वाद एका लहानशा वस्तूवरून झाला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, लॅटिन मला येत नाही आणि माझ्या देशबांधवांनाही येत नाही. मग तेथे संस्कृत शब्द का नसावेत? देव एकाच भाषेत बोलतो, हे त्यांना मान्य नव्हते. पोटापाण्यासाठी ज्यांच्या आधारावर राहावयाचे, त्यांच्याशीच असा वाद घालावयास किती धैर्य लागत असेल!

पुढे चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात त्या राहिल्या. तेथील प्रमुख डॉरथी बील या विचारी बाई होत्या. रमाबाई तेथे गणित व सृष्टिशास्त्र शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघताच मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातील लोकांना ते आवडणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांतून व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना याचे नवल वाटले. स्वतंत्र म्हणविणाऱ्या देशातही स्त्रीच्या पायात बेडी असते, ती फक्त वेगळ्या धातूची, हे त्यांना तेथे कळून आले असावे.

असे असूनही त्या कृतघ्न नव्हत्या. ज्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे इतके खटके उडत, त्यांनाच पत्रांतून त्या ‘आजीबाई’ म्हणत. भांडण झाले तरी नाते तुटू दिले नाही. मात्र मनोरमेविषयी त्यांचा आग्रह स्पष्ट होता: मुलीने आपल्या देशाच्या लोकांत त्यांचीच होऊन राहावे, कोणी वरचढ परकी म्हणून नव्हे.

१८८६ च्या आरंभी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला, इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदासदन’ उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतील एक विधवा पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात प्रत्येक मुलीला आपल्या रीतीने स्वयंपाक व आपल्या रीतीने पूजा करण्याची मोकळीक होती. दुसऱ्याच्या घरी राहून ताटावरून टोमणे सोसलेल्या बाईने हा नियम केला, हे मला विशेष वाटते. तरीही १८९३ साली पुण्यात वादळ उठले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात, असा आक्षेप आला. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक मुली घरी नेण्यात आल्या. पालकांची भीती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण त्या मुलींचे शिक्षण थांबले, हेही खरेच.

१८९६-९७ च्या दुष्काळात आपला निमाड ज्या मध्यप्रांतात होता, त्या प्रांतात रमाबाई धावून आल्या. लहानपणी उपासमार स्वतः भोगलेली ती बाई शेकडो निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेली. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. मुली तेथे विणकाम, शेती आणि छापखान्याची कामे शिकल्या.

लॅटिन अक्षरांवरून झालेला तो वाद मात्र रमाबाई विसरल्या नसाव्यात. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या माणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरविले. त्याची छपाई केडगावच्या मुलींनीच केली. १९२१ साली मनोरमा वारली. म्हातारपणी हे दुःख सोसूनही रमाबाईंनी हातातले भाषांतर पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.