लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : शौर्य आणि सत्यनिष्ठा

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे नाव आजच्या विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडते. पाठ्यपुस्तकांतून 1962 च्या चिनी आक्रमणाची माहिती दिली जाते. परंतु ते आक्रमण होण्यापूर्वी तीन वर्षे त्याची लेखी सूचना देणारा एक मराठी सेनानी होता, हे सांगितले जात नाही. या स्मरणिकेच्या वाचकांनी त्यांचे चरित्र आवर्जून जाणून घ्यावे, असे मला वाटते.

थोरातांचा जन्म 1906 मध्ये कोल्हापूर परिसरातील वडगाव येथे झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यकारभाराचा तो काळ होता. हिंदी तरुणांना इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात 1918 पासून प्रवेश मिळू लागला होता. पण जागा वर्षाला अवघ्या दहा होत्या. अशा कठीण स्पर्धेतून थोरातांनी तेथे प्रवेश मिळविला आणि 1926 मध्ये ते अधिकारी झाले.

येथे इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या काळात थोरातांसाठी सँडहर्स्टचे दार किलकिले झाले, त्याच काळात महार समाजाला साधा शिपाई होण्याचीही मुभा नव्हती. इंग्रज सरकारने 1892-93 च्या सुमारास ही भरती बंद केली होती. सुभेदार रामजी सकपाळ, गोपाळबुवा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच 1921 मध्ये ती मोडण्यात आली. अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. थोरातांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना, संधी नाकारल्या गेलेल्या अशा अगणित कर्तृत्वांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगॉ येथे जानेवारी 1945 मध्ये जपान्यांशी निकराची लढाई झाली. तेथे 51 व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थिमय्या, सेन आणि थोरात. हिंदी माणूस सैन्याचे नेतृत्व करू शकत नाही, या इंग्रजी समजाला या तिघांनी कृतीने उत्तर दिले. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हे पदक मिळाले.

थोरातांच्या धैर्याची निराळीच कसोटी कोरियात लागली. 1953 मध्ये युद्धबंदी झाली, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या रक्षणासाठी भारताने पाठविलेल्या दलाचे प्रमुख थोरात होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरावे लागले. भारतीय आपल्याला बळजबरीने परत पाठवतील, या भीतीने कैदी बिथरले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला तारेच्या कुंपणाआड ओलीस धरले. बळाचा वापर करावा, तर मोठा रक्तपात अटळ होता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या कैद्यांमध्ये गेले, त्यांच्याशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणले. पुढील दिवसांत अन्य ठिकाणी गोळीबार टळू शकला नाही, हेही खरे. पण त्या दिवशी एकही गोळी झाडली गेली नाही. या कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग दुसरा (आजचे कीर्ती चक्र) देण्यात आले. हाती शस्त्र असताना ते न वापरता समोरच्याचे भय ओळखणे, ही गोष्ट तथागतांच्या अनुयायांना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे थोरात पूर्व विभागाचे सेनाप्रमुख झाले. लखनौ येथे त्यांचे मुख्यालय होते. ऑक्टोबर 1959 मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी सविस्तर टिपण सादर केले. अगदी सीमारेषेवरील तोकड्या चौक्या मोठ्या हल्ल्यापुढे टिकणार नाहीत. त्यांचा उपयोग टेहळणीपुरता करावा आणि मुख्य मोर्चे मागे, रसद पोहोचेल अशा ठिकाणी बांधावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च 1960 मध्ये ‘लाल किल्ला’ या नावाच्या सरावातून त्यांनी हाच धोका वरिष्ठांपुढे मांडला. सरसेनापती थिमय्यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठविले. परंतु तेथे त्याची उपेक्षा झाली. बाबासाहेबांनीही 1954 मध्येच राज्यसभेत पंचशील कराराबाबत व चीनच्या तिबेटमधील हालचालींबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. दोघांचेही ऐकले गेले नाही.

1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मते थोरात हे योग्य उत्तराधिकारी होते. सरकारने मात्र जनरल थापर यांची निवड केली. थोरातही त्याच वर्षी निवृत्त झाले. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने आक्रमण केले आणि अपुऱ्या शस्त्रांनिशी, अपुऱ्या कपड्यांनिशी आपले जवान बर्फात लढले, हजारो कामी आले किंवा कैद झाले. पराभवाच्या त्या दिवसांत पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. ते टिपण आपल्यापर्यंत आलेच कसे नाही, अशी विचारणा त्यांनी केल्याचे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज शेंदूरजनाघाट, वरूड परिसरातील कितीतरी मुले पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करतात. त्यांत आपल्या वसतिगृहाचे माजी विद्यार्थीही असतात. शिपाईपदाची वाट बाबासाहेबांनी मोकळी केली. आता आपल्या मुलामुलींनी अधिकारीपदाच्या परीक्षांकडेही वळले पाहिजे. छाती, उंची आणि धावण्याचा वेग भरतीच्या मैदानावर मोजला जातो. अभ्यास करून मत बनविणे आणि ते वरिष्ठांना रुचो वा न रुचो, कागदावर स्वच्छ लिहून खाली सही करणे, हे मात्र शाळेतच शिकावे लागते. थोरातांना सरसेनापतिपद मिळाले नाही. तरी त्यांनी लिहिलेले ते टिपण इतिहासात त्यांच्याच नावावर राहिले.