सी. के. नायडू

कोट्टारी कनकय्या तथा सी. के. नायडू (३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर – १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होते. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, उपयुक्त गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक अशी त्यांची ख्याती होती. १९१६ ते १९६३ या प्रदीर्घ कालखंडात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ११,८२५ धावा केल्या आणि ४११ बळी मिळवले. १९२३ मध्ये नागपूर सोडून त्यांनी इंदूरच्या होळकर संस्थानाची सेवा पत्करली. या स्थलांतराचा परिणाम दोन्ही प्रदेशांच्या क्रिकेटवर दीर्घकाळ राहिला.

प्रारंभीचे जीवन

नायडू यांचा जन्म नागपुरात स्थायिक झालेल्या एका तेलुगू भाषक कुटुंबात झाला. घराण्यात वकिलीची परंपरा होती. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले आणि खेळाची पायाभरणीही तेथेच झाली. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. धावांचे खाते त्यांनी षटकाराने उघडले. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे भारताकडून कसोटी सामने खेळले.

इंदूरला स्थलांतर

त्या काळी संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होत नसे, तसेच जुन्या संघाला मोबदला देण्याची पद्धतही नव्हती. क्रिकेटवर उदरनिर्वाह होणे अशक्य असल्याने खेळाडूला नोकरी लागे. ती देण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने रेल्वे, लष्कर आणि संस्थानिक यांच्याकडे होते. १९२३ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या निमंत्रणावरून नायडू इंदूरला गेले आणि संस्थानाच्या सैन्यात कॅप्टनच्या हुद्द्यावर रुजू झाले. पुढे ते कर्नल नायडू या नावाने ओळखले जाऊ लागले. खेळाडूला स्थैर्य व सरावासाठी सवड मिळाली, संस्थानाला प्रतिष्ठा मिळाली. मात्र ज्या नागपूरने हा खेळाडू घडवला, त्याच्या पदरी काहीच पडले नाही.

राष्ट्रीय संघातील कामगिरी

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध नायडू यांनी हिंदू संघाकडून १५३ धावा केल्या. या खेळीत ११ षटकार होते. भारतीय क्रिकेटकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागण्यास ही खेळी मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार व लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार नेमले गेले होते. तथापि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात नेतृत्व नायडू यांनी केले आणि पहिल्या डावात ४० धावा करून ते भारताचे सर्वाधिक धावा करणारे फलंदाज ठरले. त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा व ६५ बळी मिळवले. १९३३ मध्ये विस्डेनने वर्षातील पाच खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली. एकूण ७ कसोटी सामन्यांत त्यांनी ३५० धावा केल्या आणि त्यांपैकी ४ सामन्यांत नेतृत्व केले.

होळकर संघाची उभारणी

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. इंदूरचे खेळाडू प्रथम मध्य भारत संघाकडून व १९४१-४२ पासून होळकर संघाकडून खेळू लागले. नायडू यांच्या उपस्थितीतही पहिल्या दहा हंगामांत या संघांना अंतिम सामना गाठता आला नाही. संघ बलाढ्य झाला तो अन्य गुणी खेळाडू त्यांच्याभोवती जमल्यानंतर. इंदूरचेच मुश्ताक अली यांचे गुण नायडू यांनी लहानपणीच हेरले होते. चंदू सरवटे पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड संघाकडून खेळत, तर सी. एस. नायडू बडोद्याहून आले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांचीही त्यांत भर पडली. युद्धकाळात भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ चा अंतिम सामना होळकर संघाकडून खेळले.

१९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघाने आठ वेळा अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा करंडक जिंकला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या एका डावात सहा फलंदाजांनी शतके झळकावली व त्यांपैकी एक नायडू होते. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी वयाच्या पन्नाशीत २०० धावा केल्या. ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या होय.

स्थलांतराचे मूल्यमापन

केवळ नायडू यांच्या वैयक्तिक धावा मोजल्यास १९२३ च्या स्थलांतराचे मोल पुरते कळत नाही. पहिले विजेतेपद मिळण्यास बावीस वर्षे लागली. इंदूरला खरा लाभ झाला तो खेळाडू घडवणाऱ्या आणि बाहेरच्या खेळाडूंना एकत्र बांधणाऱ्या नेतृत्वाचा. याउलट मध्य प्रांत व वऱ्हाड संघाला रणजी करंडकाचा अंतिम सामना कधीच गाठता आला नाही.

विजय हजारे यांचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. ते संघात असताना महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ मध्ये करंडक जिंकला. त्यानंतर ते बडोद्याला गेले. बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७ व १९४९-५० मध्ये विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राला मात्र तो करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही. हजारे यांच्या जाण्याचे फळ बडोद्याला तत्काळ मिळाले, नायडू यांच्या जाण्याचे फळ इंदूरला सावकाश मिळाले. दोन्ही वेळा खेळाडू गमावणाऱ्या संघाला भरपाई मिळाली नाही.

संस्थानी आश्रयाची मर्यादाही पुढे स्पष्ट झाली. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५४-५५ नंतर होळकर संघाचे अस्तित्व संपले. त्याचा वारसा लाभलेल्या मध्य प्रदेश संघाला करंडकासाठी २०२१-२२ च्या हंगामापर्यंत प्रतीक्षा करावी लागली.

उत्तरायुष्य व स्मृती

१९५६ मध्ये नायडू यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. तो मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. इंदूर येथे त्यांचे निधन झाले. युवा खेळाडूंची कर्नल सी. के. नायडू करंडक स्पर्धा आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

नागपूर हे केंद्र असलेल्या विदर्भ संघाने आपला पहिला रणजी करंडक २०१७-१८ च्या हंगामात दिल्लीला नमवून जिंकला. १ जानेवारी २०१८ रोजी संपलेला तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला होता.