आद्य शिक्षक कन्फ्यूशियस

इ. स. पू. सहावे शतक हे मानवी विचाराच्या इतिहासातील मोठे विलक्षण शतक होय. परंपरेने मानलेल्या कालगणनेनुसार इ. स. पू. ५६३ मध्ये लुंबिनी येथे सिद्धार्थ गौतमांचा जन्म झाला. त्यानंतर बारा वर्षांनी, इ. स. पू. ५५१ मध्ये, चीनमधील लू नावाच्या लहानशा राज्यात कुंग कुलात एक बालक जन्मास आले. चिनी लोक त्यांना आदराने कुंग-फू-त्झू म्हणतात; युरोपातून गेलेल्या जेझुइट धर्मोपदेशकांनी त्या नावाचे लॅटिन रूप केले आणि कन्फ्यूशियस या नावाने ते जगाला परिचित झाले. या दोन महापुरुषांना एकमेकांची वार्ताही नव्हती. एकाने राजवैभवाचा त्याग केला. दुसऱ्याने आयुष्यभर राज्यकारभारात स्थान शोधले आणि ते त्याला फार काळ लाभले नाही. तथापि विद्येच्या दारात आलेल्याचे कुळ विचारायचे नाही, ही गोष्ट दोघांनीही केली.

कन्फ्यूशियस तीन वर्षांचे असताना त्यांचे वृद्ध सैनिक पिता निवर्तले. तरुण विधवा मातेने हालअपेष्टा सोसून मुलाला वाढविले. कुळ नावाला सरदारांचे असले तरी घरात दारिद्र्य होते. पोटासाठी त्यांना धान्यकोठाराचे हिशेब ठेवावे लागले आणि गुराढोरांच्या कळपांची देखरेख करावी लागली. या दिवसांची त्यांनी पुढे कधी लाज बाळगली नाही. गरिबीमुळेच आपण अनेक हलकी समजली जाणारी कामे शिकलो, असे ते मोकळेपणाने मान्य करीत. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी विद्याभ्यासाचा निश्चय केला व तो अखेरपर्यंत ढळू दिला नाही.

तो काळ अस्वस्थतेचा होता. चौ घराण्याचा सम्राट नाममात्र उरला होता व मांडलिक राज्ये परस्परांशी झुंजत होती. खुद्द लू राज्यात राजाची सत्ता तीन बलाढ्य घराण्यांनी गिळंकृत केली होती. आचारविधी, संगीत, धनुर्विद्या, रथ हाकणे, लेखन व गणित या सहा विद्या प्रामुख्याने सरदारपुत्रांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. सामान्याच्या मुलाने त्या शिकाव्यात, ही कल्पनाच रूढ नव्हती.

अशा काळात कन्फ्यूशियसांनी स्वतःची शाळा सुरू केली. गुरुदक्षिणा म्हणून सुकविलेल्या मांसाची एक जुडी आणणाऱ्यालाही ते शिकवीत. त्यांचा सर्वांत लाडका शिष्य यान ह्वे हा एका दरिद्री गल्लीत मूठभर भात आणि भोपळ्याच्या पात्रातील पाणी यांवर राहणारा तरुण होता. रान युंग याचे वडील हीन दर्जाचे म्हणून लोक त्याला हिणवीत. कन्फ्यूशियसांनी मात्र तो राज्य चालविण्यास योग्य असल्याचे जाहीरपणे सांगितले. कुंग-ये छांग तुरुंगवास भोगून आला होता. तो निरपराध असल्याची खात्री पटल्यावर त्यांनी आपली कन्या त्याला दिली. त्झू-कुंगसारखा चतुर व्यापारी आणि त्झू-लूसारखा रांगडा, धाडसी गडीही त्याच मंडळात होते.

त्यांची अध्यापनाची रीत आजच्या शिक्षकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. ऐकलेले लगेच आचरणात आणावे काय, हा एकच प्रश्न त्यांना दोन शिष्यांनी विचारला. एकाला त्यांनी आधी वडीलधाऱ्यांचा विचार घेण्यास सांगितले, तर दुसऱ्याला तत्काळ कृती करण्यास. तिसरा शिष्य गोंधळला, तेव्हा त्यांनी उलगडा केला की पहिला उतावळा आहे म्हणून त्याला आवरले आणि दुसरा मागे रेंगाळतो म्हणून त्याला पुढे ढकलले. त्यांच्या शिकवणीचे सार ‘रेन’ म्हणजे मानवता या शब्दात आहे. हा शब्द लिहिण्याचे चिनी चिन्ह ‘माणूस’ आणि ‘दोन’ या दोन चिन्हांचे मिळून बनते. माणूसपण दोन माणसांच्या परस्परवर्तनातच सिद्ध होते. एकदा तबेल्याला आग लागल्याचे कळताच त्यांनी कोणा माणसाला इजा झाली काय, एवढेच विचारले; मौल्यवान घोड्यांची चौकशी केली नाही.

पन्नाशीनंतर त्यांना लू राज्यात अधिकारपद मिळाले व ते न्यायखात्याचे मंत्री झाले. तीन घराण्यांच्या गढ्यांचे तट पाडून राजसत्ता सावरण्याचा बेत मात्र फसला. परंपरा सांगते की शेजारच्या छी राज्याने ऐंशी नर्तकी भेट पाठविल्या आणि त्यांच्या नादात दरबार तीन दिवस बंद राहिला. व्यथित होऊन इ. स. पू. ४९७ च्या सुमारास त्यांनी जन्मभूमी सोडली. पुढील सुमारे चौदा वर्षे ते शिष्यांसह राज्याराज्यांतून फिरले. राजे त्यांचा सत्कार करीत, पण त्यांचे ऐकत नसत. छन आणि त्साय या राज्यांच्या सीमेवर अन्न संपले, शिष्य आजारी पडले, त्झू-लू तर संतापून गेला. गुरूंनी शिकविणे थांबविले नाही. एकदा शिष्यांची चुकामूक झाली असता कोणीतरी त्यांचे वर्णन बेवारस कुत्र्यासारखा दिसणारा म्हातारा असे केले. ते कानी येताच ते हसले व वर्णन अगदी खरे असल्याचे म्हणाले.

इ. स. पू. ४८४ मध्ये ते मायभूमीस परतले. उरलेली वर्षे ग्रंथांच्या अभ्यासात व अध्यापनात गेली; परंतु दुःखाने पाठ सोडली नाही. पुत्र गेला, मग यान ह्वे अकाली गेला. त्या वेळी संयमाचा हा पुतळा इतका रडला की शिष्यही चकित झाले. पुढे त्झू-लू वेइ राज्यातील यादवीत मारला गेला. इ. स. पू. ४७९ मध्ये, आपले जीवन निष्फळ झाले अशी खंत बाळगून, कन्फ्यूशियसांनी देह ठेवला. शिष्यांनी तीन वर्षे सुतक पाळले. त्झू-कुंग सहा वर्षे समाधीपाशी राहिला. शिष्यपरंपरेने गुरूंची संभाषणे संकलित केली व तोच ग्रंथ पुढे चिनी संस्कृतीचा आधारस्तंभ ठरला.

या जीवनाचा गौरव करताना त्यातील उणिवाही आपण पाहिल्या पाहिजेत. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पती-पत्नी ही पायऱ्यांची रचना त्यांनी मोडली नाही. त्यांच्या शिष्यांत एकाही स्त्रीचे नाव आढळत नाही. त्यांच्या संभाषणांत तर स्त्रियांविषयी एक अनुदार उद्गारही आहे. तथागतांनी मात्र उपाली नाभिकाला आणि सुनीत या सफाईचे काम करणाऱ्याला संघात घेतलेच, शिवाय महाप्रजापती गौतमीसह स्त्रियांसाठी भिक्षुणीसंघाचे दारही उघडले. खुद्द चीनमध्येही मो-त्झू या विचारवंताने कन्फ्यूशियसांच्या पंथावर टीका केली. प्रेमात आपला-परका असा भेद नसावा आणि खर्चिक अंत्यविधींनी प्रजेला दरिद्री करू नये, असा त्याचा आग्रह होता. ताओ पंथाला आचारविधींचे अवडंबर मान्य नव्हते, तर कायदावादी पंथाचा भर शिक्षेवर होता. त्याच विचाराच्या छिन सम्राटाने इ. स. पू. २१३ मध्ये कन्फ्यूशियसांच्या परंपरेचे ग्रंथ जाळविले. ते साम्राज्य काही वर्षांतच लयास गेले; इ. स. पू. १२४ मध्ये हान सम्राट वू याने त्याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी राजकीय विद्यापीठ स्थापिले. पुढे त्यांवर आधारलेली अधिकारी निवडीची परीक्षा १९०५ पर्यंत चालू राहिली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात धम्म चीनमध्ये पोचला तेव्हा आईवडिलांना सोडून भिक्षू होणे योग्य काय, असा आक्षेप याच परंपरेच्या पंडितांनी घेतला. तो वाद शतकानुशतके चालला, आणि तरीही दोन्ही विचारधारा त्या भूमीत रुजल्या.

स्वतःला अपयशी समजून गेलेल्या या शिक्षकाचे खरे यश त्यांच्या मंत्रिपदात नव्हते. ते गरीब गल्लीतील यान ह्वेमध्ये आणि बापाच्या दर्जावरून हिणवलेल्या रान युंगमध्ये होते. घरापासून दूर, वसतिगृहात राहून शिकलेल्या आपणा सर्वांना त्या दोघांची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. आपल्यासाठी कोणीतरी दार उघडे ठेवले होते. आता ते आपण कोणासाठी उघडे ठेवणार आहोत, हा प्रश्न प्रत्येक माजी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावा.