हिशेब मांडणारे दादाभाई

दादाभाई नौरोजी हे थोर देशभक्त होऊन गेले. त्यांचा जन्म 4 सप्टेंबर 1825 रोजी एका गरीब पारशी घरात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई यांनी कष्ट करून त्यांना वाढवले. शाळेत फी नव्हती म्हणून ते शिकू शकले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. आमच्या राज्यात हिंदुस्थान सुखी आहे, असे साहेब लोक सांगत. दादाभाई नुसते भांडले नाहीत. त्यांनी सरकारचेच कागद घेतले. कोणत्या प्रांतात किती जमीन पिकते, एकरी धान्य किती येते, भाव काय, हे सगळे मांडले आणि 1876 साली लोकांपुढे ठेवले. देशाचे वर्षाचे उत्पन्न 340 कोटी रुपये आणि माणसे 17 कोटी. मी पाटीवर भागाकार करून बघितला. माणशी 20 रुपये आले!

खाली मी 20 गोल काढले आहेत. एक गोल म्हणजे 1 रुपया. रुपयाचे तेव्हा 16 आणे होते. 20 रुपयांचे 320 आणे झाले आणि वर्षाचे दिवस तर 365. म्हणजे रोजचा एक आणासुद्धा नाही! ही पण सरासरी आहे. सावकाराला जास्त गेले की मजुराला आणखी कमी. बहुतेक प्रांतांत तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नकपड्याला याहून जास्त खर्च होता. हे वाचून मला लई वाईट वाटले.

1892 साली दादाभाई लंडनच्या फिन्सबरी भागातून इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून आले. त्यांना 2961 मते आणि समोरच्याला 2956. फक्त 5 मतांनी जिंकले! त्याचाही चित्रालेख मी काढला. एक चौकोन म्हणजे 100 मते धरली, तर दोघांचे जवळजवळ 30-30 चौकोन आले. चित्रात दोघे सारखेच दिसतात. म्हणून चित्र बघा, पण खालचा आकडाही वाचा.

दादाभाई तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 30 जून 1917 रोजी मुंबईत ते वारले. आमच्या सोनपेठकडे पाऊस गेला की बाबा म्हणतात, औंदा काही पिकलं नाही. आता मी विचारणार आहे, किती एकर, किती क्विंटल, काय भाव? ते वहीत लिहिणार आहे. गरिबाचे दुःख आकड्यांनी सांगणाऱ्या दादाभाईंना माझा नमस्कार.