माया डेरेन : अपुऱ्या चित्रफितीचे आयुष्य

'माया' हे नाव आपल्याला घरचे वाटते. परंतु माया डेरेन यांचा जन्म १९१७ साली कीव्हमधील एका ज्यू कुटुंबात झाला आणि त्यांचे मूळ नाव एलिओनोरा डेरेन्कोव्स्का असे होते. ज्यूंविरुद्धच्या हिंसाचारामुळे हे कुटुंब १९२२ साली अमेरिकेत सिराक्यूज येथे आले. नव्या देशात आडनाव आखूड झाले. 'माया' हे नाव त्यांना पती अलेक्झांडर हॅमिड यांनी १९४३ साली सुचविले.

त्याच वर्षी वडील वारले. वारशाच्या पैशांतून त्यांनी एक वापरलेला १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा घेतला आणि हॉलिवूडमधील आपल्या राहत्या घरात 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा सुमारे १४ मिनिटांचा मूकपट उभयतांनी चित्रित केला. किल्ली, सुरी, फूल आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती, एवढीच त्याची सामग्री. नायिका सुरी घेऊन निघते, तेव्हा तिचे एक पाऊल वाळूवर पडते, पुढचे गवतावर, मग फरशीवर आणि अखेर गालिचावर. पाच-सहा पावलांत एवढे अंतर तोडणारे संकलन आजही थक्क करते. या यशात हॅमिड यांचा वाटा मोठा होता, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

वितरक नव्हता. १९४६ साली त्यांनी न्यूयॉर्कमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन आपले चित्रपट स्वतःच दाखविले. त्यातूनच प्रेरणा घेऊन एमॉस फोगेल यांनी 'सिनेमा १६' ही संस्था काढली. त्याच वर्षी मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या बळावर त्या पुढे हैतीला गेल्या, तेथील वूडू नृत्यविधी टिपण्यासाठी.

येथे कॅमेरा हरला, असे म्हणावेसे वाटते. त्या निरीक्षक न राहता त्या विधींतच सामील झाल्या. हजारो फूट चित्रफीत साठली, पण तिला स्वतःच्या कलाकल्पनेत बसविणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. १९५३ साली 'डिव्हाइन हॉर्समेन' हा ग्रंथ आला. चित्रपट आला नाही.

अखेरची वर्षे ओढाताणीची गेली. १३ ऑक्टोबर १९६१ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४. त्यांचे तिसरे पती, संगीतकार टेइजी इतो यांनी त्यांची रक्षा जपानमधील फुजी पर्वतावर विखुरली. हैतीची चित्रफीतही पुढे त्यांनीच आपल्या पत्नीसह संकलित केली.