पंडिता रमाबाई यांचे बहिरेपण व त्यांचे समाधान

दुसरबीड व आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांत अशी घरे पुष्कळ आढळतात, की ज्यांत कोणी आजी कानांनी अधू आहे, कोणी तरुण डोळ्यांनी. आणि कोणी बाई दिसावयास धडधाकट असून रात्री उगाच दचकून उठते व उजाडेपर्यंत तिच्या छातीची धडधड थांबत नाही. आंधळ्याबहिऱ्याविषयी शेजारी म्हणतात, हे त्याच्या नशिबाचे फळ. भित्र्या बाईविषयी आपल्यापैकीच काही लोक म्हणतात, हिचा विश्वास उणा आहे. हे दोन्ही निवाडे किती पोकळ आहेत, हे पाहण्यासाठी ज्यांच्या विश्वासाविषयी कोणी शंका घेणार नाही, अशा पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, हल्लीच्या कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, व लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून मुलीस शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास जाई. पुढे दुष्काळाने गाठले. आईबाप व थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवासशास्त्री अर्धपोटी, थंडीवाऱ्यात, पायी देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला, आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. त्या वेळी रमाबाईंस चोविसावे वर्ष चालू होते व कन्या मनोरमा तान्ही होती.

मग त्या पुण्यास आल्या. पुरुष वैद्यास दुखणे सांगण्याची लाज वाटून स्त्रिया मरतात, हे पाहून त्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे स्त्रियांना डॉक्टर करण्याची मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावे, या हेतूने १८८३ साली त्या मुलीस घेऊन विलायतेस गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. परमुलखात या बिचारीचे मन भयाने पार ढासळले. एके रात्री तिने रमाबाईंवरच हात टाकला, आणि त्यानंतर स्वतःचा प्राण दिला.

हा धक्का साधा नव्हता. संस्कृतचे प्रख्यात पंडित मॅक्स म्युलर यांच्या ऑक्सफर्ड येथील घरी रमाबाई काही दिवस होत्या. म्युलरसाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे, की बाईंच्या मनाची अवस्था अशी झाली होती की रात्री त्यांच्या खोलीत निजावयास एक मोलकरीण ठेवावी लागे. इतक्यावरही भागले नाही. त्यांची श्रवणशक्ती मंद होऊ लागली, आणि ज्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडला, ते वैद्यकीचे शिक्षण सोडणे भाग पडले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याने कान बरे झाले नाहीत. मनाची सारी तळमळही एका दिवसात शमली नाही. अंतःकरणाचे खरे समाधान आपणांस त्यानंतर कित्येक वर्षांनी लाभले, असे बाईंनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितले आहे.

मग या मधल्या वर्षांत त्या तगल्या कशाच्या आधारे? आम्हांस वाटते, रोजच्या साध्या गोष्टींच्या आधारे. भारतात सेवेस जाणाऱ्या भगिनींस त्यांनी देशी भाषा शिकविली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात मिस बील यांच्या आश्रयाने त्या गणित व इतर विषय शिकल्या, आणि तेथेच संस्कृत शिकविले. परदेशातही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. लेकीचे संगोपन होतेच. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि लहान मुलांस हातांनी व डोळ्यांनी शिकविण्याची किंडरगार्टन पद्धती तेथे शिकून आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली मोठे वादळ उठून पुष्कळ मुली सदनातून काढून नेण्यात आल्या, तरी काम थांबले नाही.

पुढे पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेऊन त्यांनी विहिरी खणविल्या व फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली व बाया आणल्या. उपासमार काय असते हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९०० च्या सुमारास, ज्या दुष्काळाने आपला वऱ्हाडही होरपळून निघाला त्या वेळी, केडगावच्या मुक्तीसदनात सुमारे दोन हजार जीव होते. शेती, दूधदुभते, विणकाम, छापखाना, असे नाना उद्योग तेथे चालत. आंधळ्या स्त्रियांसही नुसते पोसले जात नसे. त्या बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकत व हाताचे काम करीत. ज्या बाईस आपल्या कानांची उणीव रोज जाणवे, तिच्या घरी अधू माणूस कामाविना एका कोपऱ्यात बसून राहिला नाही.

वृद्धापकाळी त्यांनी फार मोठे काम हाती घेतले. इब्री व ग्रीक भाषा शिकून अवघ्या पवित्र शास्त्राचे त्यांनी सोप्या मराठीत भाषांतर केले, जेणेकरून खेड्यातील अल्पशिक्षित बाईसही ते कळावे. या कामास डोळे, हात व धीर लागतो. कान मंद असले तरी ते अडत नाही. मुक्तीच्या मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मनोरमा गेली. त्या दुःखातही बाईंनी काम टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या, व १९२४ साली ते शास्त्र छापून बाहेर पडले.

वाचकहो, रमाबाईंस त्यांचे कान परत मिळाले नाहीत, आणि ज्या दुःखांनी त्यांचे मन हादरले ती दुःखेही कोणी पुसून टाकली नाहीत. तरी त्यांचे जीवित ओसाड झाले नाही. कारण एक वाट बंद झाली तेव्हा हाताशी होते ते काम त्यांनी उचलले. यास्तव आपल्या घरातील बहिऱ्या म्हातारीशी समोर बसून, उजेडात, सावकाश बोलावे. तिला निवडटिपणात, नातवंडे सांभाळण्यात वाटा द्यावा. ज्याचे मन भयाने व्यापले आहे त्यास उपदेश कमी करावा व दवाखान्यात सोबत न्यावे. सरकारच्या २०१६ च्या कायद्यात ऐकण्याच्या अधूपणाबरोबर मनाच्या आजारांचाही समावेश आहे. तेव्हा हक्काचा दाखला मागण्यात लाज मानू नये.

ऑक्सफर्डच्या त्या मोलकरणीचे नाव आज कोणी घेत नाही. तिने वाद घातला नाही, की विश्वासाची परीक्षा घेतली नाही. घाबरलेल्या एका परदेशी बाईच्या खोलीत ती रात्री निजली, एवढेच. असे काम आपल्या प्रत्येक मंडळीत कोणी तरी पत्करावे, अशी आमची विनंती आहे.