कार्व्हर यांचा भुईमूग

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे हे नाव मराठी घरांत ओळखीचे आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1864 च्या सुमारास मिसुरीत गुलामीत जन्मले, आयोवात शेतीशास्त्र शिकले आणि 1896 मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले. तिथली जमीन कापसाने खंगलेली होती. माणसेही. मक्याचे पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी एवढ्यावर जगणाऱ्या दक्षिणेतील गरिबांत पुढे पेलाग्रा पसरला. त्वचा सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धी भ्रमते. कारण नायसिनची कमतरता. शेंगदाण्यात नायसिन आणि प्रथिने दोन्ही भरपूर, शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात.

पीनट बटर कार्व्हर यांनी शोधले, ही दंतकथाच. त्यांचे खरे काम 1916 च्या पुस्तिकेत दिसते. शेंगदाण्याच्या 105 पाककृती तर तिच्यात आहेतच, पण भुईमूग कसा पेरावा आणि वाढवावा हेही आहे. थंड मातीत बी कुजते. आऱ्या जमिनीत शिरल्यावरच शेंगा धरतात, म्हणून झाडाला भुसभुशीत माती आणि पुरेशी जागा लागते.

आळे परिसरातल्या उन्हाळी भुईमुगालाही हेच लागू आहे. पेरणी थंडी ओसरू लागल्यावर, साधारण 15 जानेवारीनंतर. दोन ओळींत उपट्या जातीला 30 सेंटिमीटर, निमपसऱ्या जातीला 45. फार उशीर केला, तर काढणी पावसात सापडते आणि उपट्या जातीच्या शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी 1906 पासून बी-अवजारे घेतलेली टस्कीगीची गाडी गावोगाव फिरू लागली. आयुष्यभराची बचत संशोधनासाठी देऊन कार्व्हर 5 जानेवारी 1943 रोजी टस्कीगीतच वारले.